सर्जाची घंटा

रविवार, संध्याकाळ. रहाटणी.

डोकं अजून तडकलेलंच आहे. काल कुरुळीच्या बैलांच्या प्रदर्शनाचं शूटिंग होतं. कर्ण्यावरून पाहुण्यांच्या नावांचा मारा चालू, म्हणून मी छोटा माईक तात्या नावाच्या एका बैलमालकाच्या सदऱ्याच्या आत लावला. तात्या त्यांचा खिलार बैल, सर्जा, घेऊन रिंगणात उतरले आणि हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ आलं. सर्जाच्या गळ्यातली घंटा, त्याचं फुरफुरणं, आणि तात्यांचं हळूच, "भिऊ नगं लेकरा, म्या हाय." इतका चांगला आवाज मी आजवर पकडला नव्हता.

आयोजकाने ऐकलं आणि म्हणाला, "हे काढ राव, डीजेचं गाणं टाक. मधे मधे आमच्या दादांचं नाव येऊ दे." टाकलं. काय करणार? घंटाही गेली. मग माईक लावलाच कशाला मी?

व्हिडिओ बघून आत्ता तात्यांचा फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला. निदान घंटेचं तरी विचारतील, वाटलं.

"लई भारी गाणं लावलंस गड्या," तात्या खुशीत होते. "आन् माजं बोलणं काढलंस ते बेस केलंस. चारचौघांत हसं झालं आसतं."