माझ्या नावाने गेलेलं पत्र

बे सिटी, मिशिगन
३० ऑक्टोबर

प्रिय वांडा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू खुर्ची ओढली असशील. बस. चौदा वर्षांपूर्वी भर सभेत मी जे बोलले, त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र आहे, तेव्हा जरा लांबेल. आधी एकच गोष्ट सांगते, आणि ती वाचून लगेच कागद फाडू नकोस. नऊ तारखेला तुझ्या संगणकावर माझ्या नावाने जे पत्र आलं, ते मी लिहिलेलं नव्हतं. खाली सही होती 'जेनेव्हीव्ह'. त्या नावाने मला फक्त शाळेतल्या सिस्टर लुडमिला हाक मारायच्या, तेही पट्टी हातात असताना. तुला तिथेच संशय यायला हवा होता.

इकडे बिटाचे ट्रक सुरू झालेत. साखर कारखान्याच्या मळीचा तो वास सकाळी उठल्या उठल्या नाकात शिरतो आणि दर वर्षी मला आपण दोघी दिसतो. निळे स्कर्ट, घसरलेले मोजे आणि तुझ्या हातात चॉकलेटांचं खोकं. शाळेच्या छपरासाठी पैसे जमवायचे होते. सिस्टर लुडमिलांनी आपल्याला एकाच रस्त्यावर धाडताना कामं वाटून दिली होती. 'जेनेव्हीव्हला लाज नाही, ती मागेल. वांडाला आहे, ती आभार मानेल.' मी बेल दाबायचे आणि धडाधड बोलत सुटायचे. तू माझ्या मागे बुटांकडे बघत उभी. पण पुढच्या रविवारच्या आत, ज्यांनी ज्यांनी चॉकलेट घेतलं त्या प्रत्येक घरात तुझं हाताने लिहिलेलं कार्ड पोचलेलं असायचं. मिसेस नोवाकच्या मांजराचा पाय बरा झाला का, हेही त्यात विचारलेलं असायचं. दुसऱ्या वर्षी लोकांनी दारं उघडली ती त्या कार्डांमुळे, माझ्या बडबडीमुळे नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल करायला साठ वर्षं लागली, एवढंच.

आता म्हातारपणी मी पुन्हा मागत फिरतेय, फक्त दारं संगणकात आहेत. मार्सी लिंडक्विस्ट आठवते? पॅटची धाकटी मुलगी, शाळेत नर्स होती ती. ती आपल्या भागातून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी उभी आहे. मागच्या खेपेला सहाशे मतांनी पडली. समोरच्या माणसाला बड्या कंपन्या पैसा पुरवतात. मार्सी त्यांचा एक सेंटही घेत नाही, त्यामुळे तिची सगळी मदार घरबसल्या पाच-दहा डॉलर पाठवणाऱ्या लोकांवर. तुझा पक्ष दुसरा, तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पोरगी चर्चच्या तळघरात आमच्याबरोबर पिरोगींत बटाट्याचं सारण भरता भरता भाषण करते आणि दोन्ही गोष्टी नीट करते. आजकाल एक तरी नीट करणारं कोण भेटतं?

पैशाची बाजू बघायला केंड्रा नावाची बाई वॉशिंग्टनहून आली आहे. चाळिशीची, हुशार, बसून जेवताना मी तिला अजून पाहिलेलं नाही. तिने आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं, 'तुमच्या ओळखीच्यांचे पत्ते जोडा, हे बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो.' मी दाबलं. तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसलेली बाई मी, आणि आपल्या नावाने काय रवाना होतंय ते न वाचता दाबलं! त्या यादीत माझा दातांचा डॉक्टर होता, नळ दुरुस्त करणारा होता, दोन माणसं तर केव्हाच वारलेली होती. आणि तू होतीस. चौदा वर्षांत तुझा पत्ता मी खोडला नव्हता. का, ते विचारू नकोस.

पत्र गेल्यावर मी ते वाचलं. लाल अक्षरं, उद्गारचिन्हांची रांग. 'वांडा, तू मला विसरलीस का? वांडा, आज मला तुझी गरज आहे.' नाव यंत्रच घालतं, प्रत्येकाचं. नळवाल्यालाही मी विचारलं होतं की तू मला विसरलास का. बिचाऱ्याने फोन केला, 'विसरलो नाही हो बाई, मंगळवारी नक्की येतो.' मी तडक केंड्राच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मागण्यातसुद्धा काही रीत असते. ती मान वर न करता म्हणाली, 'रीतीने मागितलं की लोक देत नाहीत. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.' मग मी विचारलं की लोकांची उत्तरं येतात त्यांचं काय होतं. 'उत्तरं कुणी वाचत नाही.' माझ्या कचेरीत आलेल्या पत्रांचं कुणी असं केलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. हे मी तिला सांगितलं. दोनदा सांगितलं. शेवटी ती वैतागली, 'एवढा कळवळा आहे ना, मग तुम्हीच वाचा!'

वाचतेय. चार हजारांच्या वर आहेत. शिव्या आहेत, मलाही एकदोन नव्या कळल्या. पण कितीतरी लोकांना खरंच वाटलंय की कुणीतरी आपल्याला पत्र लिहिलं. एका गृहस्थांनी गुडघ्याचा एक्स-रे पाठवलाय. मी एकेकाला उत्तर देते, तू द्यायचीस तसं, गुडघ्याची चौकशी करून. आणि लिहिताना सारखी ती सभा आठवते. तू शाळेची खजिनदार होतीस. तू उभी राहून म्हणालीस की आता पैसा उरलेला नाही, शाळा बंद करावी लागेल. ते खरं होतं. आणि मी म्हणाले, 'वांडाला जन्मात कुणापुढे तोंड उघडता आलं नाही, म्हणून शाळा बुडाली.' मागे कुणीतरी हसलं. तुझ्या हेन्रीने तुझा कोट पुढे धरला, तू न बघता त्यात हात घातलेस आणि दोघं निघून गेलात.

काल दुपारी त्या ढिगात तुझं उत्तर सापडलं, दहा तारखेचं. हेन्री मार्चमध्ये गेला, हे मला असं कळलं. पुढे तू लिहिलंस, 'जेन, तू सगळ्या गावाकडे मागितलंस, माझ्याकडे कधीच नाही. हे पहिल्यांदा. तुझा पक्ष मला पसंत नाही, तरी दहा डॉलर पाठवतेय. ये कधीतरी. मागचं दार उघडंच असतं.' आणि त्यावर माझ्या नावाने तुला काय गेलं तेही मी पाहिलं. 'शाब्बास वांडा! आणखी पंचवीस जमतील?' तीन वेळा. नवरा गेल्याचं सांगणाऱ्या बाईला! मी केंड्राला सांगितलं, या शनिवारी मी येणार नाही. ती किंचाळली, 'मतदानाआधीचा शेवटचा शनिवार? कुणी वारलंय का?' 'हो,' म्हटलं, 'मार्चमध्ये.' शनिवारी मृतांच्या प्रार्थनेचा दिवस आहे. मी खसखशीचा रोल आणि दोन मेणबत्त्या घेऊन येते. चालेल तुला, तर हेन्रीकडे दोघी जाऊ. तुझे दहा डॉलर परत हवे असतील तर मी भांडून आणीन. पण एक गोष्ट मी मागतेय, माझ्या हाताने, कुठलंही बटण न दाबता. वांडा, मला माफ कर. वीस दिवसांत तू ते मागचं दार लावून घेतलं असशील, तर पुढे येऊन बेल दाबेन. ती सवय मला आहे. फक्त या वेळी बुटांकडे मी बघत असेन.

तुझीच,
जेन