गाठीवरचा थेंब

४ जानेवारी, रविवार
डबा आज रॉकेटवाल्यांकडे गेला. आमची मानसी नि तिची मैत्रीण प्रणाली गाडीत तो मांडीवर घेऊन बसल्या, कोणाला हात लावू देणार नाहीत. मिठाईच्या खोक्याएवढा उपग्रह, कॉलेजच्या पोरींची तीन वर्षं त्यात. माझं काम एवढंच, अँटेनाची पट्टी दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधणे. वर गेल्यावर तार तापते, दोरा वितळतो, पट्टी उघडते, मग त्याचा आवाज खाली येतो. नाही उघडली तर मुका.
चाचणीत बारा वेळा उघडली. शेवटची गाठ मात्र तपासता येत नाही, तपासायची म्हणजे जाळायची. ती काल बांधली. ठाण्यात तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात. हादऱ्याने सैल पडू नये म्हणून सवयीने वर गोंदाचा एक थेंब सोडला. पोरी तेव्हा चहाला गेलेल्या.

१९ जाने., सोम.
सकाळी चहा घेताना मानसी मोबाइलवरून वाचून दाखवत होती. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा उपग्रह, अँटेना उघडलीच नाही. "गाठीला कोणीतरी गोंद लावलेला, बाबा. तार तापली तरी दोरा चिकटून बसला. कोण करतं रे असं?"
खारी चहात पडली. मी चमच्याने काढत बसलो.
डबा अजून रॉकेटवाल्यांच्या हॉलमध्ये आहे. सत्तावीसला रॉकेटवर चढणार.

२४ जाने., शनि.
दुकानाला आतून कडी लावून तीच गाठ, तोच गोंद, तशीच तार. पाच वेळा. तीनदा उघडली, दोनदा नाही.
सांगितलं तर डबा या रॉकेटवरून उतरवतील. पुढचं कधी मिळेल देव जाणे, पोरींचं शेवटचं वर्ष. आणि तीनदा तर उघडली ना.
संध्याकाळी मानसीला फोन लावला. "बोल ना पटकन, मीटिंगमध्ये आहे."
विचारलं काय, तर जेवलीस का.

२७ जाने., मंगळ.
चढला. मानसीने फोटो पाठवला. आता कोणाला काही करता येणार नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. ही म्हणते, तुम्ही हल्ली जेवत का नाही.

८ फेब्रु., रवि.
उड्डाण. नेहमीप्रमाणे बाळकुमला भोईरांच्या हॉलमध्ये, मोठा टीव्ही, आमच्या आकाशमंडळाची वीसेक माणसं. मंडळाची रीत अशी की एकेकाला एकेक टप्पा वाटून द्यायचा, तो झाला की त्याने मोठ्याने पुकारायचं, आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत कोणी टाळी वाजवायची नाही. भोईरांनी शेवटचा मला दिला. "गाठ तुजी हाय ना रं, मंग हाक पन तूच मारायची."
सगळं सुरळीत. पडद्यावरची रॉकेटची रेघ आखलेल्या रेघेवरून जरासुद्धा हलली नाही. लोक श्वास रोखून, आणि माझ्या मनात सारखी पाल चुकचुकतेय. एवढं सुरळीत कशाला?
सतराव्या मिनिटाला आपला डबा वेगळा झाला. मला पुकारता आलं नाही. भोईर ओरडले, "आरं बोल ना!" मग त्यांनीच पुकारलं. टाळ्या, पेढे. मानसी वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले, तर सगळे हसले.

९ फेब्रु., सोम.
ठाकुर्ली, आमची गच्ची, स. ६.२०. मानसीने हातातली अँटेना उपग्रहाच्या वाटेने आकाशभर फिरवत नेली. अकरा मिनिटं. खरखर.
संध्याकाळी परत. खरखर.

१२ फेब्रु., गुरु.
दुसऱ्यांचे उपग्रह खणखणीत ऐकू येतात. आपला नाही. मंडळाने निकाल लावून टाकला की बॅटरी गेली. बॅटरीचं काम प्रणालीचं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, घाई केली की असंच होतं. त्याला नऊ अंगठे.
प्रणाली गच्चीवर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, मी तीनदा तपासलेलं हो."
मी तिला पाणी दिलं. फक्त पाणी.

१४ फेब्रु., शनि.
प्रणाली आली नाही. ग्रुप सोडला. मानसी म्हणाली, "उद्या सगळ्यांसमोर विचारावंच लागेल तिला."
मला भारी मिरवायचं होतं ना, माझी गाठ सुटत नाही म्हणून. हात दाखवून अवलक्षण. आणि भोगतेय ती पोर.

१५ फेब्रु., रवि.
सकाळी गच्चीवर मानसीला सांगितलं. थेंब, दुकानातले प्रयोग, सगळं.
आधी ती इंजिनिअरसारखी विचारत गेली. कुठल्या बाजूला? केवढा? कुठला गोंद? वहीत लिहून घेतलं. म्हणाली, तापून-गारठून गोंद तडकू शकतो, तार रोज पुन्हा तापते, शक्यता आहे. मला हायसं वाटायला लागलं, मूर्खासारखं.
मग पेन थांबलं. "तुला कधी कळलं?"
"एकोणीसला. तू वाचून दाखवलंस तेव्हा."
ती बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे आठ दिवस होते, बाबा."
वही मिटून विठ्ठलवाडीला निघाली, प्रणालीकडे. मी येतो म्हटलं. "तू आत्ता नको. तुझं तू सांग तिला, मी नाही सांगणार."

सा. ६.०५. दोघी परत आल्यात, वर आहेत. सहा दहाला तो डोक्यावरून जाईल. मी गच्चीच्या दाराबाहेर पायरीवर बसून लिहितोय. दार लोटलेलं आहे, आतून खरखर येतेय. आधी ठरवलेलं, डब्याचा आवाज आला तर आत जायचं. तेव्हा बोलणं सोपं जाईल.
पण तसं नको. अजून पाच मिनिटं आहेत. त्याआधीच प्रणालीला सांगतो.