आमेन म्हणायचं नाही

क्रेकेनडाइक, झेलंड
सोमवार, सकाळची कॉफी झाल्यावर

तीर्थरूप लेन्डर्ट भावोजी यांना पिटर्नेलाचा वाकून नमस्कार. (वाकणं आता पत्रातच जमतं, गुडघे ऐकत नाहीत.) ताईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं खिडकीतून बाहेर बघून होत नाही. तुमची तब्येत ठीक असणार, कारण बिघडली असती तर तुम्ही सविस्तर कळवलं असतं. इकडे आम्ही खुशाल आहोत, आम्हाला कसलीही कमतरता नाही, आणि हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. ती अजून चालू आहे, म्हणजे सुरू झाल्यापासून संपलेलीच नाही. त्याचं असं झालं. आमच्या गावात वोइनशेत नावाची बाई राहते. इथिओपियातून आली तेव्हा तिची सोस्ना पाच वर्षांची होती, आता चौदाची आहे, वाऱ्याविरुद्ध एका हातानं सायकल चालवते आणि अस्सल आमच्यासारखं बोलते, म्हणजे पलीकडच्या गावालाही कळू नये असं. वोइनशेतच्या नवऱ्याला तिकडे घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही. इकडे स्थलांतर खात्यानं विचारलं, याला पुरावा काय? (उचलून नेणाऱ्यांनी पावती दिली नव्हती, ही तिची चूक.) मग तिचा आश्रयाचा अर्ज वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि शेवटी नकार आला. त्यात असंही विचारलं होतं की बाई, तुम्ही इतकी वर्षं इथे राहिलातच कशा? मी स्वतः वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आता वकिलानं दाद मागितली आहे आणि ईस्टरनंतर सुनावणी आहे. पण तोवर खातं काही हातावर हात ठेवून बसायला तयार नाही. मायलेकींना आधीच विमानात बसवलं, तर सुनावणी कुणाची करायची? रिकाम्या खुर्चीची? त्यावर आमच्या पास्टरबाईंनी (वयानं लहान, केस तांबडे, पण कायदा चांगला वाचलेला) सांगितलं की आपल्या देशात चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पोलिसांना आत शिरता येत नाही. मी म्हटलं, मग संपवायची कशाला? सभेत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही विनोद केला नव्हता. त्याच संध्याकाळी मायलेकी अंथरूण-पांघरूण घेऊन चर्चमध्ये आल्या आणि आम्ही घंटा वाजवली.

तेव्हापासून आमच्या पाळ्या लागलेल्या आहेत. पहिल्या आठवड्यातच आवडती भजनं संपली, दुसऱ्यात नावडती. मग पलीकडच्या कर्मठ चर्चकडे जावं लागलं. तुम्हाला ठाऊकच आहे, बागेतला साप हव्वेशी खरोखर शब्दांत बोलला का, यावरून आजोबांच्या काळात आमची फाटाफूट झाली, आणि तेव्हापासून साप जेवढा बोलला असेल तेवढंसुद्धा आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. ते लोक किती सावकाश गातात यावरून आम्ही जन्मभर त्यांची टिंगल केली. एक ओळ संपेपर्यंत बटाटे उकडून होतात. पण भावोजी, आज तोच सावकाशपणा सोन्याच्या मोलाचा आहे. त्यांनी एकशे एकोणिसावं स्तोत्र धरलं की आमची माणसं घरी जाऊन, जेवून, भांडी घासून परत येतात आणि ते अजून मधल्या कडव्यातच असतात.

तर कालचा रविवार. पास्टरबाईंचा घसा बसला होता, म्हणून प्रार्थना चालवायला मारिनस उभा राहिला. (तोच, बियाण्याचे बटाटे विकणारा. अजून चर्चच्या मंडळात आहे, अजून तसाच आहे.) मारिनसनं चांगलं चालवलं होतं. पण घड्याळाचा काटा सव्वाअकरावर आला, जन्मभर रविवारी त्या वेळी जे होतं तेच झालं, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. आशीर्वाद म्हणून झाला, आमेन म्हणून झालं, ऑर्गन थांबला, आणि सगळी मंडळी उठून शिस्तीत मागच्या खोलीत कॉफीला गेली. सगळ्यांत पुढे मी होते. बिस्किटांचा डबा उघडून प्रत्येकाला एक देऊन मी झाकण लावत होते, तेवढ्यात सोस्ना ताटलीकडे न बघता म्हणाली, "नेलआजी, मग आत कोण आहे आता?"

मारिनसचा चेहरा चुन्यासारखा झाला. समोरच्या रस्त्यावर खात्याची दोन माणसं रोज गाडीत बसलेली असतात, आणि तीही याच देशात वाढलेली, रविवारची कॉफी किती वाजता असते हे त्यांना सांगावं लागत नाही. आम्ही धावलो. सत्तरीच्या पुढची माणसं एका अरुंद दारातून एकदम धावली की काय होतं ते लिहीत नाही, फक्त एवढंच की माझी काठी अजून सापडलेली नाही.

आत गेलो तर मोठं दार सताड उघडं, उंबऱ्याबाहेर खात्याची ती दोन माणसं, आणि त्यांच्यापुढे आपला गावचा पोलीस क्रैन. आणि मधोमध, रिकाम्या बाकांसमोर, वोइनशेत एकटी उभी होती. डोक्यावरून पांढरी शाल घेतलेली, डोळे मिटलेले, आपल्या भाषेत गात होती. ती कॉफीला आलीच नव्हती. आमचा एवढा गोंधळ झाला तरी तिचा सूर हलला नाही. मला रडू आलं, ते मी दम लागण्यावर ढकललं.

त्यांच्यातला उंच माणूस म्हणाला की याला प्रार्थना म्हणत नाहीत, पास्टर नाही, मंडळी नाही, एक बाई नुसती गाते आहे. आणि त्यानं क्रैनला आत जायला सांगितलं. आता क्रैन आहे पलीकडच्या कर्मठ चर्चचा. आमच्याकडे होतं त्याला ते लोक प्रार्थना मानतच नाहीत. क्रैननं टोपी काढली, काखेत धरली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

मग तो म्हणाला, "साहेब, या इमारतीत माझ्या आजोबांच्या काळापासून खरी प्रार्थना झालेली नाही, असं आमच्या घरी म्हणतात. ही आहे. मी मध्ये जाणार नाही."

आम्हाला याचा राग यायला हवा होता. तो नंतर येईल. त्या दोघांनी, संपेपर्यंत थांबतो, असं सांगितलं. पण वोइनशेतकडचे लोक सणाला रात्रभर उभ्यानं प्रार्थना करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जेवायची वेळ झाली तेव्हा ते पाव-चीज खायला गाडीत परतले, आणि मग मारिनसनं पुढं होऊन स्तोत्र उचललं, तेही पलीकडच्यांसारखं सावकाश. नंतर मी वोइनशेतला विचारलं, दमली असशील. ती म्हणाली, "तुम्ही देवाला वेळेवर निरोप देता. आमच्याकडे तो कंटाळला तरी सोडत नाहीत."

असं सगळं आहे. आम्ही मागे हटणार नाही. ईस्टर येईल, सुनावणी होईल, आणि तोवर इथे कुणीही आमेन म्हणणार नाही. मी स्वतः सव्वाअकराला घड्याळावर टोपडं घालते. ताईला खूप प्रेम.

तुमची मेहुणी,
पिटर्नेला

ता. क. कमतरता नाही असं वर लिहिलं, ते बिस्किटांच्या बाबतीत खरं आहे. बोलणाऱ्यांची मात्र आहे. मदतीला दूरदूरचे पास्टर येतात, सगळे नव्या वळणाचे, दहा मिनिटांत देव, माणूस आणि हवामान आटोपून मोकळे.

आणखी ता. क. तुमच्या प्रवचनांची लांबी कमी करावी, असं पत्र मंडळानं तुम्हाला दिलं होतं आणि तुम्ही पुस्तक मिटून गाव सोडलंत, हे कुणी विसरलेलं नाही. तो ठराव मारिनसनं मांडला होता. काल त्यानंच सभेत उठून सांगितलं, "लेन्डर्टला बोलवा." माफी त्यानं मागितलेली नाही, तुम्हीही मागायला लावू नका, आधीच त्याचं तोंड एवढंसं झालं आहे. नोहाच्या तारवावरचं ते प्रवचन घेऊन या. मागच्या वेळी महापुराचा पाऊससुद्धा सुरू व्हायच्या आत आम्ही तुम्हाला थांबवलं होतं.

शेवटचं ता. क. कालपासून वोइनशेत बसतही नाही आणि झोपतही नाही. कुणीही बोलायला उभं राहिलं की ही त्याच्या हातांकडे बघत राहते, केव्हा वर जातील म्हणून. आमच्या आमेनवरचा तिचा विश्वास उडाला आहे. मी तिला सांगितलं की आमच्या नात्यात एक माणूस आहे, तो आपण होऊन कधी थांबल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तिनं विचारलं, नक्की? तुमच्या प्रवचनात गाव झोपायचं म्हणून तुम्ही किती दुखावले जायचात, मला माहीत आहे. या वेळी एका बाईला झोपवायचं आहे. गुरुवारी या, आणि घाई करू नका.

पिटर्नेला