देवमाशाचा चष्मा

प्रिय चिमणे,

दुपार आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. काउंटरवरच्या भिंगांमधून ऊन आत येतंय आणि भिंतीवर त्याचे डाग पाण्यासारखे हलतायत. मी बघत बसलोय. एरवी अशा वेळी हात आपसूक फोनकडे जातो. आज फोन घरी, कपाटात आहे. का, ते सांगतो.

आधी माझा गाढवपणा. रोज सकाळी दूध पिताना तू मला स्वप्न सांगायचीस. त्या दिवशी स्वप्नात गल्ली पाण्याने भरली होती आणि एक देवमासा पोहत पोहत आपल्या दाराशी आला होता. मी फोनमध्ये मान घालून हं हं करत होतो. मध्येच म्हणालो, दुकानात पाठव त्यांना, चष्म्याचा नंबर काढून देतो. आई हसली. तू कप ठेवून उठलीस, आणि तेव्हापासून स्वप्नं बंद झाली.

मी मात्र खापर तुझ्या टॅबवर फोडलं. त्यात डोळे घालून बसते म्हणून पोरगी घुमी झाली, असं आईला कळवलं आणि टॅब कपाटात कुलूपबंद केला. कळवलं तेही शेजारच्या खोलीतून, मेसेज करून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

काल तुझे डोळे तपासायला तुला इथे आणलं. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या खुर्चीत तुझे पाय लोंबकळत होते. शेवटची बारीक ओळसुद्धा तू घडाघडा वाचलीस. मग बॅटरी धरून मी तुझ्या डोळ्यांत पाहिलं. डाव्या बुबुळात तिळाएवढा सोनेरी ठिपका आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या मला तो नऊ वर्षांत दिसला नव्हता. तू हळूच विचारलंस, बाबा, घरी पण असंच बघशील का? मी उगाच भिंग पुसत राहिलो.

म्हणून हे पत्र. तुझा टॅब बाहेर काढलाय, त्याच्या जागी माझा फोन ठेवलाय. किल्ली याच पाकिटात आहे. रोज सकाळी फोन आत टाकायचा आणि दूध संपेपर्यंत किल्ली तुझ्याकडे. मी कितीही लाडीगोडी लावली तरी द्यायची नाही. तुला बोलावंसं वाटलं नाही, तर मी नुसता समोर बसेन. पण चिमणे, तो देवमासा दाराशी आला, मग पुढे काय झालं?

तुझाच,
वाट बघणारा बाबा