माझे पाव सरासरीने उंच

ती. ताईस,

तुझ्या मधल्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरपेक्षा शेजारणीचं जास्त ऐकतेस असं कळलं, म्हणजे बरा नसणारच. इकडे सगळे ठीक, निदान वरवर तरी. खरं विचारशील तर तुझ्या जावईबापूंवरचा माझा विश्वास उडालाय.

तुला ठाऊकच आहे, भट्टी एक आणि भाऊ दोन. मी अण्णांच्या वेळचं बरणीतलं खमीर वापरतो, धाकटा पाकिटातलं यीस्ट. कुणाचा पाव जास्त फुगतो यावरून अशी जुंपली की शेवटी ठरलं, जो हरेल त्याने भट्टी सोडून दुसरीकडे बस्तान मांडायचं. पंच म्हणून जावईबापूंना बोलावलं (संख्याशास्त्र शिकवतात, म्हटलं आकडे तरी नातं बघणार नाहीत). ते आले, हात धुतले आणि कागदाच्या माथ्यावर पहिलीच ओळ लिहिली, 'दोघांच्या पावांत फरक नाही असे गृहीत धरू.' ताई, अजून एकही पाव भट्टीतून निघाला नव्हता! निकाल आधी, सुनावणी नंतर. मी हटकलं तर म्हणाले, 'मामा, पद्धतच असते तशी.' (आदल्या दिवशी ते धाकट्याकडे जेवले होते, आणि दोनदा मागून घेतलं होतं.)

मग दोघांचे तीस-तीस पाव मापले. धाकट्याच्या पावावर पट्टी सैल धरतात का, ते मी पाठीशी उभा राहून बघत होतो. सरासरी काढली तर माझी जास्त! मी हात चोळतोय, तोवर हे म्हणतात, 'फरक आहे, पण लक्षणीय नाही.' का, तर म्हणे माझेच पाव एकमेकांशी जुळत नाहीत, एक टोपीएवढा तर एक बशीएवढा. धाकट्याचेही तसेच. एवढ्या घोळात इतकासा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. माझ्या जन्मभराच्या मेहनतीला योगायोग म्हणणारा माणूस तू जावई केलास! बरं, 'म्हणजे सारखेच ना?' असं धाकट्याने विचारलं, तर तेही कबूल नाही. 'सारखे आहेत असं नाही, फरक सिद्ध झाला नाही इतकंच.' ही वकिली कुठे शिकले, जरा चौकशी कर.

मी अर्थातच फेरमोजणी मागितली आहे. ते पुढच्या आठवड्यात येतायत. या वेळी जेवण माझ्याकडे.

तुझा,
मधला

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात हिने सांगितलं की माझं खमीर केव्हाच मेलंय. मला वाईट वाटेल म्हणून ही कितीतरी दिवस भिजवलेल्या पिठाच्या दोन्ही पिंपांत, माझ्या आणि त्याच्या, भावजींचंच यीस्ट घालतेय. (हे जावईबापूंना आधीच माहीत होतं का, ते काढून घे. आणि तरीही सरासरी माझीच जास्त होती, हे विसरू नकोस.)

ता. ता. क. त्यांना फेरमोजणीला येऊ नका म्हणून सांग, मी आजारी आहे म्हण. फरक मुळात नसला तरी कधीकधी चुकून दिसतो, असं तेच जाता जाता म्हणाले होते. तसा दिसला तर एकाला जावं लागेल, आणि धाकट्याने खोलीसुद्धा बघून ठेवली आहे. तो गेला तर मला या भट्टीपाशी उभं राहवणार नाही, ताई. पण हे त्याला कळू देऊ नकोस, लगेच डोक्यावर बसेल.