मुसळधार पावसात बंद पडणाऱ्या बॉयलरचा पाईप वीतभर वर घेण्याबाबत

प्रति,
मा. दुरुस्ती अधिकारी,
ग्लानवेर्न गृहनिर्माण संस्था,
ग्लानवेर्न, दक्षिण वेल्स.

विषय: ७, चॅपल रो येथील बॉयलरच्या पाईपचे तोंड पुढील पावसाआधी वर घेऊन मिळणेबाबत.

संदर्भ: ‘दोष आढळला नाही’ असे कळवणारे आपले ४ नोव्हेंबरचे पत्र.

महोदया,

वरील घरात मी आणि माझे थोरले बंधू श्री. इडवल प्रॉसर राहतो. मोठा पाऊस लागला की आमचा बॉयलर आधी गुडगुडतो आणि मग बंद पडतो. घर तापत नाही. पाऊस ओसरला की तो पुन्हा चालू करता येतो.

१. कारण साधे आहे. बॉयलरमधले पाणी बाहेर नेणारा पाईप मागच्या अंगणातील मोरीत उतरतो. थंडीत तो गोठू नये म्हणून आपल्या माणसांनी त्याचे तोंड जाळीखाली खोल नेले. बर्फासाठी ते बरोबर होते. पण आमचे घर उतारावरच्या ओळीतले सर्वांत खालचे. पावसात सगळ्या ओळीचे पाणी आमच्या मोरीत येते, तोंड बुडते आणि बॉयलरमधले पाणी उलट आतच साचते.

२. पुराचा इशारा असताना आपण कारागीर पाठवत नाही. तो येतो तेव्हा अंगण कोरडे असते आणि बॉयलर उत्तम चालतो. मागच्या खेपेस आलेले श्री. बेव्हन मला म्हणाले, “बाई, बॉयलर दुरुस्त करीन, पण पाऊस कुठून आणू?” म्हणून त्यांच्यासमोर मी मोरीत बादल्या ओतल्या. बॉयलर गुडगुडला आणि बंद पडला. त्यावर आपल्या कार्यालयाने ‘भाडेकरूने मुद्दाम पाणी ओतले’ असा शेरा मारला.

३. एक गोष्ट मी आजवर कळवली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात माझी वहिनी नेस्टा याच मोरीपाशी दगावली. आमच्या ओळीत पाऊस वाढला की खालच्या घराने जाळीवरची पाने काढायची, अशी रीत आहे. कोळशाचा चिमटा घेऊन ती बाहेर पडली आणि नदीकडची भिंत तिच्या अंगावर आली.

नेस्टा चॅपलमध्ये गायची. दर रविवारी निघण्याआधी स्वयंपाकघरात ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करी. इडवल तिला चिडवत, “अगं, पुरे कर, देवाला बेडूक नकोयत!” बॉयलरमधला आवाज हुबेहूब तसा आहे. मी काहीही सुचवत नाही, फक्त आवाजाचे वर्णन करते.

४. बॉयलर बंद पडल्यावर दर थोड्या वेळाने त्याचे बटण दाबावे लागते. मग तो काही वेळ चालतो. माझे बंधू आता मला ते दाबू देत नाहीत. ओव्हरकोट घालून ते बॉयलरखाली खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, “थांब मेरेरिड, गुळण्या झाल्यात. आता गाईल ती.” मी म्हटले, पाणी आहे ते. ते म्हणाले, “पाणी मला शिकवू नकोस.” बादल्या ओतल्या त्या दिवशी ते जिन्यावरूनच ओरडले होते, “ही ती नाही! ही बादली आहे!” त्यांना कसे कळले, हे श्री. बेव्हन यांनाही सांगता आले नाही.

५. डॉक्टरांच्या मते त्यांची छाती असा आणखी एक गारठा सोसणार नाही.

तरी विनंती की, पाईपचे तोंड जाळीखाली, पण मोरीतले पाणी चढते त्या खुणेच्या वीतभर वर घ्यावे. गोठू नये म्हणून वरून कापडी वेष्टण द्यावे. गुरुवारी सकाळी मी बंधूंना तपासणीसाठी रुग्णालयात नेणार आहे. काम तेव्हाच, बंधूंच्या नकळत व्हावे. कारागिराने गाडी चॅपलमागे लावावी. शेजाऱ्यांपैकी कोणी विचारले तर मोरी साफ करतो आहे असे सांगावे. आपल्या नियमात असे खोटे बसत नसेल, तर ते माझ्या नावावर लिहावे.

शनिवारी पुन्हा मोठ्या पावसाचा अंदाज आहे. ही घाई केवळ बंधूंसाठी नाही, हेही प्रामाणिकपणे कळवले पाहिजे. गेल्या पावसात भर दुपारी बॉयलर बंद पडला, तेव्हा ते खुर्चीतच झोपले होते. मला अडवणारे कोणी नव्हते. मी बटणावर बोट ठेवले. त्यांचे ओठ निळसर झालेले मला दिसत होते. गुळण्या नुकत्याच थांबल्या होत्या, आणि मी बोट काढून घेतले. किती वेळ ऐकत उभी राहिले ते सांगता येणार नाही. ते खोकले, तेव्हा मी भानावर आले.

म्हणजे आता या घरात बटण दाबणारे कोणीही उरलेले नाही. याची नोंद घ्यावी.

गुरुवारच्या आशेवर,
आपली नम्र,
(सही)
मेरेरिड प्रॉसर
ग्लानवेर्न, ११ नोव्हेंबर

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र.
२. मोरीचे छायाचित्र, कोरड्या दिवशी काढलेले. पावसातले जोडता आले नाही. त्या वेळी मी आत बसून असते.