लेखिकाबाईंविषयी माझा अभिप्राय

मलकपेठ, हैदराबाद
५ मेहेर, १३४८ फसली

ती. सौ. गोदूमावशीला कुमुदचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मला रागवायला उठून उभी राहू नकोस, बसूनच रागव. आई गेल्यापासून माझ्या लग्नाची काळजी तूच वाहतेस आणि मी हा असा गोंधळ घालून ठेवला!

पण अर्धा दोष तुझा. नांदेडचं विनायकरावांचं स्थळ, त्यांच्याकडच्यांना माझं अक्षर बघायचं होतं. इतर मुलींकडून लोक मनाचे श्लोक उतरवून घेतात. तू मात्र ती कादंबरी पाठवलीस आणि अभिप्राय मागितलास. (वर कुणा 'कौमुदी'चं नाव. मला काय ठाऊक!) वाचली बाई. डॉक्टर आणि मालती मोगऱ्याखाली बसून बावीस वेळा चहा पितात. भांडण नाही, सासूला जीभ नाही. मालतीचे वडील वारतात, तर डॉक्टर म्हणतो, चहा घे. मला वाटलं, आता ही रडेल, निदान कप तरी आपटेल. छे! साखर किती, म्हणून विचारते. हुसेनसागर दाखवतो म्हणून नेलं आणि घागर दाखवली! तसंच लिहिलं मी, चांगली चार पानं. शेवटी हेही लिहिलं, की लेखिकाबाईंचं लग्न झालेलं दिसत नाही आणि होईलसंही वाटत नाही.

आता तू म्हणशील, घरात कुणी वाचलं नाही का? अगं, आमचं घर म्हणजे कचेरी! तीन पिढ्या सरकारी नोकरी, शेऱ्याशिवाय कागद उंबरा ओलांडत नाही आणि शेरा मारणारा कागद वाचत नाही. अण्णांनी लिहिलं, 'मुलाहिजा झाला' (म्हणजे वाचलं म्हणे!), 'मजकुराशी सहमत.' नानाकाका वकील, त्यांनी खाली 'मीही' म्हणून सही ठोकली. आजोबांना चष्मा सापडेना, त्यांनी सवयीनं लिहिलं, 'पुन्हा असा प्रकार घडू नये.' मग अण्णा स्वतः अफझलगंजच्या डाकखान्यात जाऊन नांदेडच्या पत्त्यावर टाकून आले.

काल तुझं कार्ड आलं, की कौमुदी म्हणजे खुद्द विनायकराव. आता काय करू गं? अण्णा जेवले नाहीत. नानाकाका म्हणतात, सही माझी नव्हेच.

तुझी (शरमलेली)
कुमुद

ता. क. शरमलेली फारशी नाही. लिहिलं ते खरंच लिहिलं.

ता. क. दुसरा. त्या चहाच्या पानाशी मी पुस्तक मिटून खूप रडले, ते अभिप्रायात लिहिलं नाही. आई गेली तेव्हा आमच्याकडेही सगळे मला चहा घे, चहा घे एवढंच म्हणत होते. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं, हे आता कळतं. विनायकरावांना विचार, ते एवढं पान पुन्हा लिहितील का? लिहितो म्हणाले तर माझा होकार कळव. नाही म्हणाले तरी होकारच कळव, पण दोन दिवस ताटकळत ठेवून.